टाचेचे हाड आणि छापील साचा



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर हाडांच्या शस्त्रक्रियेविषयी बोलायला चालकांनी एखाद्या डॉक्टरांना न बोलावता कामगारांच्या संघटनेतला माणूस का उभा केला, असा प्रश्न आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात आला असेल. प्रश्न रास्त आहे. मी डॉक्टर नाही. शाळा मी नववीत सोडली आणि जे काही थोडेबहुत शिकलो ते जिनिंगच्या आवारात, वाचनालयाच्या बाकावर आणि कोर्टाच्या व्हरांड्यात शिकलो. परंतु अकोला व अमरावती या दोन जिल्ह्यांतल्या हमालांचे, जिनिंग-प्रेसिंगच्या कामगारांचे आणि बांधकामावरच्या मजुरांचे अपघाताचे कागद पंचवीस-तीस वर्षे हाताखालून गेल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. हात तुटला किंवा डोळा गेला, तर त्या नुकसानीला कायद्यात नाव आहे आणि आकडाही आहे. टाच मोडली तर तिला दोन्ही नाहीत. म्हणून मी टाचेच्या मागे लागलो, आणि तिच्या मागे जाता जाता एका नव्या अवजारापाशी येऊन पोचलो. त्या अवजाराची हकीकत आज आपल्यापुढे ठेवायची आहे.

पहिल्याने एक प्रसंग सांगतो. नावे सांगत नाही. एका इमारतीच्या बाहेरच्या भिंतीला गिलावा चालला होता. परांचीची बल्ली निसटली आणि गवंडीकाम करणारा एक तरुण बारा-तेरा फुटांवरून खाली आला. तो डोक्यावर पडला नाही, पाठीवर पडला नाही; सरळ दोन्ही पायांवर उतरला. भोवतालच्या लोकांनी देवाचे आभार मानले. "वाचला!" म्हणाले. एक पाय सुजला तो मुरगळला असे समजून चोळून घेतला. आठ दिवसांनी एक्स-रे निघाला तेव्हा टाचेचे हाड फुटून दबले असल्याचे दिसले. प्लास्टर झाले, हाड जुळले. पण जसे दबले होते तसेच जुळले. वर्षभराने तो संघटनेच्या कचेरीत आला आणि म्हणाला, "भाऊ, पाय तर हाये, पन भरोसा नाही राह्यला पायाचा. सडकीनं चालतो मी, वावरात नाही चालता येत."

सडकेवर चालता येते आणि वावरात येत नाही, हे असे का व्हावे? याचे उत्तर मिळाले की पुढचे सारे समजायला सोपे जाईल.

आपल्या एका पावलात २६ हाडे असतात. त्यांत टाचेचे हाड सर्वांत मोठे. त्याचे कवच बाहेरून पातळ आणि आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी. त्याच्या डोक्यावर घोट्याचे हाड बसलेले असते आणि साऱ्या शरीराचा भार नडगीतून त्या घोट्याच्या हाडावर व तेथून टाचेवर उतरतो. आता या पावलात दोन सांधे एकावर एक आहेत हे लक्षात घ्यावे. वरचा घोट्याचा सांधा पाऊल वर-खाली करतो. त्याच्या खालचा, म्हणजे घोट्याचे हाड व टाच यांच्यामधला सांधा, पाऊल आत आणि बाहेर कलवतो. डांबरी सडकेवर या खालच्या सांध्याचे फारसे अडत नाही. परंतु आपल्या वऱ्हाडातली काळी जमीन नांगरून पडली आणि ढेकळांवरून चालायची वेळ आली, म्हणजे प्रत्येक पावलाला हा सांधा कलावा लागतो. ज्याचा तो सांधा बिघडला त्याला वावर पारखे होते. हमाल १७० किलोची कापसाची गाठ ढकलीत फळीवरून जातो, गवंडी परांचीवर तोल सांभाळतो, ते याच सांध्याच्या जिवावर.

उंचावरून पायांवर पडले की काय होते? लाकूडफोड्या ओंडक्यात पाचर ठोकतो, त्याप्रमाणे घोट्याचे हाड वरून टाचेत घुसते. कवच फुटते, आतली जाळी दबते. परिणाम चार होतात. टाचेची उंची कमी होते. ती रुंद होते आणि बाहेरच्या घोट्याखालून जाणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या चिमटतात. ती एका अंगाला कलते. आणि सांध्याच्या गुळगुळीत पृष्ठभागाला पायरी पडते. शिवाय तोच धक्का वर चढत कण्यापर्यंत जातो. टाच मोडलेल्या दर दहा माणसांत सुमारे एकाच्या कंबरेचा मणकाही मोडलेला सापडतो, असे हाडांचे डॉक्टर सांगतात. तेव्हा पायांवर पडलेला माणूस "वाचला" असे म्हणण्यापूर्वी त्याची टाच आणि कंबर दोन्ही तपासून घेतली पाहिजेत.

हे दुखणे मुख्यतः कष्टकऱ्यांचे आहे, ही गोष्ट डॉक्टरांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. १९१६ साली अमेरिकेतल्या बोस्टनच्या एका सर्जनने आपल्या सहकाऱ्यासह लिहिलेल्या निबंधात असा निष्कर्ष काढला होता की, ज्याची टाच मोडली त्या कामगाराचे कारखान्यातले आयुष्य सर्वसाधारणपणे संपलेच म्हणावे. योगायोग असा की या सर्जनचे आडनाव कॉटन, म्हणजे कापूस. वऱ्हाडातल्या माणसाच्या लक्षात राहावे असेच ते आहे.

दुसरे नाव व्हिएन्नाच्या लोरेंझ ब्योलर यांचे. कामगारांच्या अपघात-विमा संस्थेला त्यांनी एक साधा हिशेब पटवून दिला. मोडलेल्या कामगाराला आयुष्यभर पेन्शन देत बसण्यापेक्षा पहिल्याच दिवशी त्याच्यावर उत्तम उपचार करणे संस्थेला स्वस्त पडते. या हिशेबातून १९२५ साली व्हिएन्नात केवळ अपघाताच्या रुग्णांसाठी रुग्णालय उभे राहिले. टाचेच्या बाबतीत ब्योलर यांनी आणखी एक मोलाची गोष्ट केली. बाजूने काढलेल्या एक्स-रेवर टाचेच्या वरच्या कडेवर दोन रेषा ओढल्या असता त्यांच्यात एक कोन होतो. धडधाकट माणसात तो साधारण २० ते ४० अंश भरतो. टाच दबली की तो घटतो, कधी शून्यावर येतो, तर कधी उलटाही होतो. हा कोन आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. 'पाय दुखतो' ही तक्रार होती, तिचे माप झाले. तक्रार नाकारता येते, माप नाकारणे कठीण जाते. हा मुद्दा आपण ध्यानात ठेवावा. शेवटी मला त्याच्याकडेच परत यायचे आहे.

एक्स-रे म्हणजे हाडाची सावली. सावलीवरून उंची कळते, पण टाचेसारख्या वेड्यावाकड्या हाडाचे पोट कळत नाही. ती अडचण सी. टी. स्कॅनने दूर केली. इंग्लंडात ई. एम. आय. या ग्रामोफोनच्या तबकड्यांसाठी नावाजलेल्या कंपनीतले अभियंते गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी हे यंत्र घडवले आणि १९७१ साली लंडनमध्ये त्यावर पहिला रुग्ण तपासला गेला. १९७९ साली अॅलन कॉरमॅक यांच्यासह त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. हे यंत्र हाडाचे पावाच्या कापांसारखे बारीक काप दाखवते. एकेक काप मिलिमीटरभर किंवा त्याहून पातळ. ते सारे काप संगणकाने पुन्हा एकावर एक रचले म्हणजे पडद्यावर हाड उभे राहते आणि हवे तसे फिरवून पाहता येते.

पडद्यावरचे हाड हातात घेता यावे, ही पुढची पायरी. जपानमधल्या नागोया येथील हिदेओ कोडामा यांनी १९८१ मध्ये, प्रकाशाने घट्ट होणाऱ्या द्रवातून थरावर थर चढवून वस्तू घडविण्याची रीत प्रसिद्ध केली. अमेरिकेतल्या चार्ल्स हल यांना अशाच रीतीचे पेटंट १९८६ साली मिळाले. आपण तिला थ्री-डी प्रिंटिंग म्हणतो. छापणे हा शब्द ऐकून कागद डोळ्यांपुढे येतो. प्रत्यक्षात हे काम कुंभारणीच्या कणगी लिंपण्यासारखे आहे. एक थर, त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, आणि अखेर वस्तू उभी.

आता मूळ विषय. शस्त्रक्रियेचा छापील साचा म्हणजे काय?

मी तरुणपणी एका जिनिंगमध्ये फिटरच्या हाताखाली होतो. लोखंडी पट्टीला ठरावीक अंतरावर भोके पाडायची असली की उस्ताद आम्हाला मोजायला लावीत नसत. ते पोलादाची एक जिग पट्टीवर चढवीत. तिच्या भोकांत ड्रिल घातले की पट्टीचे भोक नेमके तेथेच आणि सरळ पडे. नवशिक्याचा हात हलला तरी जिग हलू देत नसे. गवंड्याचा गुणिया, चांभाराचा फर्मा, सुताराने करवत तिरकी चालावी म्हणून केलेली खाच पाडलेली लाकडी पेटी ही सारी त्याच जातीची अवजारे. सर्जनचा छापील साचा म्हणजे हाडासाठी केलेली जिग होय. फरक इतकाच की कारखान्यातली जिग हजार पट्ट्यांना चालते आणि हा साचा फक्त एका माणसाच्या एका टाचेला बसतो. तो शरीरात ठेवायचा नसतो. काम झाले की काढून टाकायचा असतो. असे साचे करण्याची पद्धत जर्मनीत आखेन येथील क्लाउस राडरमाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० नंतरच्या दशकात पुढे आणली.

आमच्या त्या गवंड्याचेच उदाहरण घेऊ. त्याची टाच वाकडी जुळली आहे आणि सर्जनने ती पुन्हा कापून सरळ करण्याचे ठरवले आहे, असे समजा. प्रथम दोन्ही पायांचा सी. टी. स्कॅन होतो. संगणकावर चांगल्या पायाची टाच आरशातल्यासारखी उलटी करून बिघडलेल्या टाचेवर ठेवतात. कोठे किती मिलिमीटर कमी, कोठे किती अंश तिरके, ते लगेच दिसते. मग सर्जन आणि अभियंता शेजारी बसून पडद्यावरच शस्त्रक्रिया करून पाहतात. काप कोठून घ्यायचा, तुकडा किती सरकवायचा, किती उचलायचा, स्क्रू कोणत्या दिशेने जाईल, हे सारे ठरते. मनासारखे झाले नाही तर पुसून पुन्हा करता येते. खऱ्या हाडावर ती सोय नाही.

हा बेत ठरला की साचा आखतात. त्याची आतली बाजू त्या टाचेच्या बाहेरच्या भिंतीचा हुबेहूब ठसा असते, लाखेवर मोहोर उमटावी तशी. त्यामुळे तो एकाच जागी घट्ट बसतो. अन्यत्र ठेवला तर डुगडुगतो. त्यात तारा घालण्यासाठी भोके असतात आणि करवतीचे पाते जाण्यासाठी एक फट असते. टाचेच्या आतल्या अंगाने तळपायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या व मज्जातंतू जातात. करवत जास्त आत गेली तर त्यांना इजा होते. ही फट पात्याची दिशा धरून ठेवते आणि तशी आखली असेल तर खोलीही. साचा बहुधा नायलॉनचा किंवा वैद्यकीय वापरासाठीच्या खास राळेचा छापतात. त्याला वाफेच्या भट्टीत १२१ अंश किंवा त्याहून अधिक तापमान सोसावे लागते. घरगुती छपाईयंत्रात वापरले जाणारे मक्याच्या पिठापासूनचे पी. एल. ए. नावाचे प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास मऊ पडते. तो साचा वाफेत वाकला तर कापही वाकडा जाईल. म्हणून त्याचे निर्जंतुकीकरण वेगळ्या रीतीने, कमी तापमानाच्या वायूने करावे लागते.

टाचेच्या कोणत्या कामांत याचा उपयोग होतो? वाकडी जुळलेली टाच पुन्हा कापताना, जन्मतः किंवा आजाराने सपाट अथवा फार कमानदार झालेल्या पावलात टाच सरकवताना किंवा तिच्यातून पाचरीएवढा तुकडा काढताना, आणि झिजलेला खालचा सांधा कायमचा जोडून टाकण्यासाठी स्क्रू घालताना. ताज्या मोडीत मात्र साच्याचा उपयोग मर्यादित आहे, कारण तुकडेच सुटे असतील तर साचा टेकवायचा कशावर? तेथे छापलेल्या प्रतिकृतीचा उपयोग होतो. चांगल्या टाचेची उलटी प्रत छापून तिच्यावर धातूची पट्टी आधीच वाकवून ठेवता येते. सूज उतरेपर्यंत आठ-पंधरा दिवस तसेही थांबावे लागते. तेवढ्यात ही तयारी होऊ शकते.

आपल्याकडे याची सोय होण्याची काही आशा आहे काय? वैद्यकीय उपकरणे डॉक्टर आणि अभियंते यांनी मिळून घडवावीत या हेतूने मुंबईच्या आय. आय. टी.त 'बेटिक' नावाचे केंद्र महाराष्ट्र शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने उभे राहिले. त्याला जोडून पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात आणि आपल्या शेजारी नागपूरच्या व्ही. एन. आय. टी.त केंद्रे निघाली. अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, अमरावतीत डॉ. पंजाबराव देशमुखांच्या नावाचे वैद्यकीय महाविद्यालय १९८४ पासून आहे. दोन्ही शहरांत अभियांत्रिकी महाविद्यालयेही आहेत. सर्जन येथे आणि अभियंता तेथे, यांच्यामध्ये फार लांबचा रस्ता नाही. या साच्याला प्लास्टिक मूठभरच लागते. मोल आहे ते स्कॅनचे, अभियंत्याच्या वेळाचे आणि सर्जनच्या कौशल्याचे. दूरच्या जगात तर यापुढचीही मजल गाठली गेली आहे. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न येथे सेंट व्हिन्सेंट रुग्णालयात २०१४ साली प्राध्यापक पीटर चूंग यांनी कर्करोगाने बाधित झालेली टाच काढून तिच्या जागी टायटॅनियमची छापील टाच बसवली आणि ७१ वर्षांच्या त्या गृहस्थांचा पाय कापण्याचे टळले. पण ती विरळा गोष्ट. आपला विषय साधा साचा आहे.

कामगार चळवळीतल्या माणसाने नव्या यंत्राची फक्त स्तुती करू नये; त्याची दुसरी बाजूही सांगावी. पहिली गोष्ट, साचा हाडावर टेकायचा तर हाड उघडे करावे लागते. टाचेच्या बाहेरच्या अंगाची कातडी पातळ. तेथली जखम भरायला कुरकुर करते, आणि तंबाखू ओढणाऱ्याची किंवा मधुमेह असणाऱ्याची अधिकच. साच्यासाठी जखम मोठी झाली तर एका हाताने मिळवले ते दुसऱ्या हाताने गेले. दुसरी गोष्ट, साचा चुकीच्या स्कॅनवरून निघाला तर तो चुकीचेच काम अचूकपणे करतो. तिसरी, दोन्ही टाचा मोडल्या असतील तर आरशात पाहायला चांगली टाचच उरत नाही. चौथी, साच्याने काप बेताबरहुकूम पडतो असे दाखवणारे अभ्यास आहेत, पण ते लहान आहेत. दहा वर्षांनी माणूस कमी दुखण्याने चालतो असे सिद्ध होण्यास अजून अवकाश आहे.

आणि पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. प्रत्येक मोडलेली टाच कापावीच असे नाही. ब्रिटनमध्ये २२ रुग्णालयांतल्या १५१ रुग्णांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांची टाच फार बेढब झालेली नव्हती अशा रुग्णांत, शस्त्रक्रिया केलेले आणि न केलेले यांच्या दुखण्यात व चालण्यात दोन वर्षांनी फरक आढळला नाही. उलट शस्त्रक्रिया झालेल्यांत जखमेचे व इतर त्रास जास्त झाले. म्हणून "साचा आहे का?" हा पहिला प्रश्न नव्हे. "माझी टाच किती दबली, किती रुंद झाली, कोणीकडे कलली, आणि कापल्याने त्यातले काय सुधारेल?" हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर आकड्यांत मागावे. चांगला डॉक्टर त्याने रागावत नाही.

आता कायद्याकडे येतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याला एक यादी जोडलेली होती. हाताचा अंगठा गेला तर कमाईची शक्ती ३० टक्के गेली, पायाचा अंगठा मुळापासून गेला तर १४ टक्के, असे त्या यादीत लिहिलेले असे. हा कायदा आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावून घेतला आहे, पण यादीची जात तीच राहिली. तिच्यात जे अवयव गेले, त्यांची गणती आहे. जो जागेवर आहे पण अर्धवट कामातून गेला, त्याची बहुधा नाही. टाच मोडून वाकडी जुळली तर ती यादीबाहेरची इजा. मग कमाईची शक्ती किती टक्के गेली हे डॉक्टरने ठरवून लिहून द्यायचे असते. आमच्या गवंड्याच्या कागदावर लिहिले होते, 'हाड जुळले आहे.' हे खरेच होते! मालकपक्षाने तेवढेच वाक्य वाचून दाखवले. कोन लिहिला नव्हता, रुंदी लिहिली नव्हती, सांध्याची पायरी लिहिली नव्हती. आम्ही तडजोड केली आणि ती पुरेशी नव्हती, हे येथे कबूल करतो.

आता हे दोन धागे एकत्र बांधता येतात. साचा करण्यासाठी जे माप घ्यावे लागते, तेच माप कामगाराच्या नुकसानीचा पुरावा आहे. कोन म्हणजे काही टक्केवारी नव्हे, तो मला ठाऊक आहे तो फरक. परंतु टक्केवारी लिहिणाऱ्या हाताला तो आधार देतो. साचा कधीही झाला नाही, शस्त्रक्रियाही झाली नाही, तरी दोन्ही टाचांचे माप कागदावर आले पाहिजे. ब्योलर यांनी विमा संस्थेला जो हिशेब दाखवला, तो आपल्याकडच्या योजना आणि कल्याण मंडळे चालविणाऱ्यांनीही एकदा मांडून पाहावा.

श्रोतेहो, आपल्यापैकी पुष्कळजण घरे बांधता, दुकाने चालवता, दालमिल-जिनिंग चालवता. आपल्याजवळ माझे मागणे थोडे आहे. परांचीला कठडा आणि दोर असू द्या. बल्ली बांधली आहे की नुसती टेकवली आहे ते सकाळी एकदा पाहा. कोणी पायांवर पडला तर पाय चोळू नका, त्याला चालवत नेऊ नका; टाचेचा आणि कंबरेचा एक्स-रे त्याच दिवशी काढा. आणि कागद जपून ठेवा.

त्या गवंड्याला मी अलीकडे एका हाडांच्या डॉक्टरांना दाखवले. त्यांनी नवा स्कॅन काढून आकडे लिहून दिले. सांधा झिजून गेला आहे; हाड कापून उंची आणावी आणि तो सांधा जोडून टाकावा, त्यासाठी साचा वापरता येईल, असे ते म्हणाले. गवंड्याने एवढेच विचारले, "मंग वावरात चालता येईन काय?" डॉक्टरांनी खोटे सांगितले नाही. दुखणे कमी होईल, जोडा नीट बसेल, पण जोडलेला सांधा ढेकळावर कलणार नाही, असे म्हणाले. तो अजून विचार करतो आहे. पहिल्या दिवशीच एक्स-रे निघाला असता तर त्याला एवढा विचार करावा लागला नसता.